आभाळातल्या घड्याळांचा ताळा

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं, की शेतांच्या पलीकडे त्या एकदम नजरेला पडतात. एका रेडिओ दुर्बिणीच्या, तारांच्या जाळीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अवाढव्य तबकड्या. एकूण ३०. त्यांतल्या १४ मधल्या भागात जवळजवळ उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना फाकलेल्या तीन भुजांवर, थेट २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. वाऱ्याला अडवायचं नाही, जाळीतून जाऊ द्यायचं, म्हणजे वजन कमी आणि खर्चही कमी, ही खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना. पहिल्यांदा गेलो तेव्हा एक तबकडी हळूच वळताना पाहिली. शेजारी कांद्याची काढणी चाललेली होती आणि त्या बायकांपैकी कुणी वर मान करूनही पाहिलं नाही, इतकी ती त्यांच्या रोजच्या बघण्यातली.

या दुर्बिणीचं, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ऊर्फ जीएमआरटीचं नाव २९ जून २०२३ रोजी एका मोठ्या बातमीत आलं. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, चीन आणि भारत इथल्या शास्त्रज्ञांच्या गटांनी एकाच दिवशी सांगितलं, की अख्ख्या विश्वात एक अतिशय संथ थरथर भरून राहिली आहे आणि तिच्या खुणा आम्हाला दिसत आहेत. बातम्यांमध्ये ‘विश्वाचं गुंजन’ असे शब्द आले. शब्द सुंदर आहेत, पण कुणी काही ऐकलं असा त्यातून समज होतो. खरं तर कुणी काही ऐकलं नाही. वर्षानुवर्षं हिशेब ठेवला, आणि त्या हिशेबाचा ताळा एका ठरावीक तऱ्हेनं चुकतोय हे पकडलं. मला मोह पडतो तो त्या ‘ठरावीक तऱ्हे’चाच. म्हणून ती नीट उलगडून सांगतो.

ही थरथर गुरुत्वीय लहरींची. गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाशाचंच ताणणं-आकसणं. ओली साडी दोघींनी दोन टोकांना धरून ओढली, की ती लांबीत ताणते आणि रुंदीत आत येते. सैल सोडली की परत पहिल्यासारखी. लहर जाते तेव्हा अवकाशाचं असंच होतं: एका दिशेत अंतरं वाढतात, तिला काटकोनातल्या दिशेत कमी होतात, मग उलट. अशी लहर पहिल्यांदा पकडली गेली १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या लायगो प्रयोगशाळांत. हे ताणणं-आकसणं ज्यांच्या लांबीवरून मोजतात, त्या तिथल्या भुजा ४ किलोमीटरच्या. सूर्याच्या ३०-३५ पट वजनाची दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याची लहर १३० कोटी वर्षं प्रवास करून आली आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात निघून गेली.

पण आकाशगंगांच्या पोटात याहून फार मोठी कृष्णविवरं असतात. आपल्याच आकाशगंगेच्या मध्यभागी एक आहे, सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वजनाचं, आणि ते लहानांतलं. दुसऱ्या दीर्घिकांत, म्हणजे आकाशगंगांत, कोट्यवधी, अब्जावधी सूर्यांच्या वजनाची सापडतात. अशी दोन एकमेकांभोवती फिरू लागली, तर एका फेरीला वर्षं लागतात, आणि त्यांच्यापासून निघालेल्या लाटेचा एक चढ-उतार पुरा व्हायलाही वर्षं लागतात. लाटेची लांबी कित्येक प्रकाशवर्षं. ती मोजायला ४ किलोमीटरची भुजा काय कामाची? आकाशगंगेएवढं उपकरण हवं, आणि ते बांधता येत नाही. ते आधीपासून तयार असावं लागतं.

ते तयार आहे. त्याला पल्सार म्हणतात, मराठीत स्पंदक.

मोठा तारा मरताना त्याचा गाभा खचून सूर्यापेक्षा थोडा जड, पण जेमतेम २०-२५ किलोमीटर व्यासाचा, म्हणजे एखाद्या शहराएवढा गोळा उरतो. तो गरगर फिरतो आणि त्याच्यातून रेडिओ लहरींचा झोत बाहेर पडतो. दीपगृहाचा झोत जसा दर फेरीला एकदा आपल्यावरून जातो, तसा हा झोत पृथ्वीवरून गेला की दुर्बिणीत एक ठोका उमटतो. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल या विद्यार्थिनीनं कागदाच्या लांबलचक पट्ट्यांवर हे ठोके पहिल्यांदा ओळखले. नंतर १९८२ साली प्वेर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या दुर्बिणीतून एक असा पल्सार सापडला, की तो सेकंदाला ६४२ वेळा फिरत होता. डोनाल्ड बॅकर यांच्यासोबत तो शोधणाऱ्यांत एक तरुण संशोधक होते श्रीनिवास कुलकर्णी, जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. सेकंदाला ६४२ म्हणजे वर्षाला दोन हजार कोटींहून अधिक फेऱ्या, आणि या पद्धतीत त्यांतली एकही फेरी मोजायची सुटत नाही. दुर्बीण पुढच्या महिन्यात परत तिकडे वळवली, तरी मधल्या काळात नेमक्या किती फेऱ्या झाल्या हे पूर्णांकात सांगता येतं.

एक ठोका घेतला तर तो ओबडधोबड असतो, प्रत्येकाचा आकार वेगळा. लाखो ठोके एकावर एक रचून सरासरी काढली, की मात्र त्या पल्सारचा ठरलेला चेहरा समोर येतो, आणि तो वर्षानुवर्षं बदलत नाही. त्या चेहऱ्यावरून ठोका कोणत्या क्षणी आला हे ठरवतात. उत्तम पल्सारांच्या बाबतीत ही नेमकेपणाची मर्यादा सेकंदाच्या कोटीव्या भागापर्यंत जाते, म्हणजे शंभर नॅनोसेकंदांपर्यंत. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ३० मीटर जातो.

यापुढचं काम म्हणजे वजाबाकी. ठोका कधी यायला हवा होता याचं गणित मांडायचं, आणि तो प्रत्यक्ष कधी आला यातून ते वजा करायचं. उरेल ती शिल्लक. सगळं रहस्य या शिलकेत आहे, पण तिथवर पोहोचायला आधी हजार गोष्टी हिशेबात धराव्या लागतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षाच्या एका टोकाला ठोका आठ मिनिटं लवकर येतो, दुसऱ्या टोकाला आठ मिनिटं उशिरा. पृथ्वी स्वतःभोवतीही फिरते. ठोका सूर्याजवळून आला तर सूर्याच्या गुरुत्वानं त्याला विलंब होतो. पल्सारला जोडीदार तारा असेल, तर त्या फेऱ्या वेगळ्या. शिवाय पल्सार स्वतःच अगदी हळूहळू मंदावत असतो. यातली एक गोष्ट जरी चुकली, तरी शिलकेत लाट दिसते, आणि ती तुमच्याच चुकीची लाट असते.

हे किती सहज घडू शकतं याचं एक उदाहरण मला कधी विसरता येत नाही. १९९१ साली इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेतल्या अँड्र्यू लाइन यांच्या गटानं जाहीर केलं, की एका पल्सारभोवती ग्रह फिरतोय, सहा महिन्यांत एक फेरी. सूर्यमालेबाहेरचा ग्रह! जगभर गाजावाजा झाला. पण सहा महिने म्हणजे आपल्या वर्षाच्या बरोब्बर निम्मे, ही गोष्ट लाइन यांना स्वस्थ बसू देईना. पुन्हा तपासल्यावर कळलं, की पल्सारची आकाशातली जागा किंचित चुकलेली होती आणि पृथ्वीच्या कक्षेचं लंबवर्तुळ हिशेबात नीट धरलं गेलं नव्हतं. ग्रह नव्हताच, पृथ्वीच होती. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत अटलांटा इथे खगोलशास्त्रज्ञांच्या भरसभेत, जिथे त्या ग्रहावर व्याख्यान द्यायला बोलावलं होतं तिथेच, लाइन उभे राहिले आणि त्यांनी चूक सांगितली. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच बैठकीत अलेक्झांडर वोलश्चान यांनी दुसऱ्या एका पल्सारभोवतीचे दोन ग्रह मांडले, आणि ते मात्र आजही टिकून आहेत.

आता खोडदच्या तबकड्यांकडे परत येऊ, कारण त्यांचं काम अशाच एका चोरट्या चुकीचा बंदोबस्त करण्याचं आहे.

ताऱ्यांमधली जागा पूर्ण रिकामी नसते. तिथे विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले असतात आणि रेडिओ लहरींना त्यांच्यातून वाट काढावी लागते. जास्त वारंवारतेच्या लहरी जवळजवळ बिनअडथळा येतात, कमी वारंवारतेच्या रेंगाळतात. हा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो: वारंवारता निम्मी केली की विलंब चौपट. नुसता विलंब असता तर वजा करून मोकळं झालो असतो. पण पल्सार सरकतो, पृथ्वी सरकते, मधले ढग सरकतात, सूर्याकडून येणारा वारा कमीजास्त होतो, आणि त्यामुळे हा विलंब महिन्यामहिन्याला बदलतो. संथ बदलणारी शिल्लक! नेमकी तीच तर आपण शोधत असतो.

बहुतेक मोठ्या दुर्बिणी हे ठोके १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास मोजतात. जीएमआरटी ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासही उत्तम चालते. चौदाशे भागिले चारशे म्हणजे साडेतीन, आणि साडेतीनचा वर्ग सव्वाबारा. म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ढगात झालेला जो बदल वरच्या पट्ट्यात जेमतेम जाणवतो, तोच खालच्या पट्ट्यात सव्वाबारा पट ठसठशीत दिसतो. भारतीय गट तबकड्यांच्या टोळ्या करतो. एक टोळी ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर, दुसरी १२६० ते १४६० वर, दोन्ही एकाच पल्सारकडे, एकाच वेळी. दोन पट्ट्यांतल्या ठोक्यांमधलं अंतर मोजलं की त्या दिवशी वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते कळतं, आणि तेवढा विलंब हिशेबातून काढून टाकता येतो. या गटाचं नाव इंडियन पल्सार टाइमिंग ॲरे, आणि तो उभा करण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले भालचंद्र जोशी यांचा मोठा वाटा आहे. जपानचे संशोधकही त्यात आहेत. २०२२ साली त्यांनी १४ पल्सारांच्या साडेतीन वर्षांच्या नोंदी खुल्या केल्या आणि त्यांतल्या १० पल्सारांच्या नोंदी युरोपच्या नोंदींत मिसळल्या गेल्या. २०२३ च्या जाहीर निष्कर्षात युरोप आणि भारत यांची नावं जोडीनं आहेत ती यामुळे.

एवढी सगळी वजाबाकी करूनही शिलकेत संथ लाट उरली, तर ती गुरुत्वीय लहर म्हणायची का? एका पल्सारच्या जोरावर कधीच नाही. पल्सारच्या पोटातही खळबळ असते आणि तोही थोडा भरकटतो. इथे ती ‘ठरावीक तऱ्हा’ कामाला येते. १९८३ साली रॉन हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स या दोघांनी ती गणितानं काढली.

समजा, गावातल्या निरनिराळ्या घरांत भिंतीवरची घड्याळं आहेत आणि तुम्ही मनगटावरच्या घड्याळाशी ती ताडून पाहताय. सगळीच सारखी मागे पडलेली दिसली, तर दोष तुमच्या मनगटावर आहे. पल्सारांच्या बाबतीतही पृथ्वीवरच्या अणुघड्याळात खोट असेल, तर आकाशात कुठल्याही दिशेला असलेल्या पल्सारांची शिल्लक एकाच बाजूला झुकेल.

आता दुसरी शक्यता. पृथ्वीची जागा आपण मानली तिच्यापासून थोडी सरकलेली आहे. मग ज्या बाजूला सरकली त्या बाजूचे ठोके लवकर येतील, विरुद्ध बाजूचे उशिरा. समोरासमोरच्या पल्सारांची शिल्लक एकमेकींच्या उलट.

आणि तिसरी शक्यता, गुरुत्वीय लहरीची. ती ओढलेल्या साडीसारखी. समोरासमोरची टोकं एकाच वेळी ताणतात, काटकोनातल्या कडा त्याच वेळी आत येतात. त्यामुळे आकाशात जवळजवळ असलेल्या दोन पल्सारांच्या शिलका एकमेकींशी जुळतात. कोन वाढत गेला की जुळणी कमी होते, सुमारे ४९ अंशांवर शून्य होते, ८० अंशांच्या आसपास उलटी होते, १२० अंशांच्या पुढेमागे पुन्हा शून्यातून वर येते आणि अगदी समोरासमोर, १८० अंशांवर, परत जुळते. पण ही जुळणी जवळच्या जोडीच्या निम्मीच, कारण लहर एका दिशेनं जात असते आणि तिला सामोरा येणारा ठोका वेगळा, तिच्यासोबत येणारा वेगळा. दरीसारखी खाली जाऊन अर्धवट वर येणारी ही रेघ हेलिंग्ज-डाउन्स वक्र म्हणून ओळखली जाते. घड्याळाची खोट तसा आकार देऊ शकत नाही, पृथ्वीच्या जागेची चूकही देऊ शकत नाही. पल्सारांची आपापली खळबळ तर एकमेकांशी बोलतच नाही, त्यामुळे जोड्यांच्या सरासरीत ती विरून जाते.

म्हणजे मोजायचे पल्सार नव्हेत, मोजायच्या जोड्या. अमेरिकेच्या नॅनोग्रॅव्ह गटाकडे ६७ पल्सार होते. ६७ गुणिले ६६ भागिले २, म्हणजे २२११ जोड्या. युरोप-भारताचे २५ पल्सार, त्यांच्या ३०० जोड्या. प्रत्येक जोडीतला कोन आडव्या अक्षावर, जुळणी उभ्या अक्षावर, आणि मग तो वक्र उमटतो का ते पाहायचं.

मध्यंतरी गुरूनं घोळ घातला होता, हा आमचा पत्रिकेतला गुरूच. हिशेब मांडताना पृथ्वीच्या जागेऐवजी सूर्यमालेचा गुरुत्वमध्य धरावा लागतो, आणि तो सूर्याच्या केंद्रात स्थिर बसलेला नसतो. गुरू त्याला ओढत असतो, इतका की तो कधीकधी सूर्याच्या पृष्ठभागाच्याही बाहेर येतो. गुरूची एक फेरी सुमारे बारा वर्षांची, आणि आपण शोधतोय तेही वर्षा-दशकांत हलणारं. २०१८ साली नॅनोग्रॅव्हला आढळलं, की ग्रहांच्या स्थितींचं कोणतं कोष्टक वापरलं यावर निष्कर्ष बदलतोय. एका कोष्टकात लाट दिसते, दुसऱ्यात विरते. त्या वेळी त्यांनी दावा केला नाही. ग्रहस्थितीतली अनिश्चितताच गणितात अज्ञात म्हणून घातली. पुढे गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या मोजमापांनी ही जागा बरीच पक्की झाली.

२०२० साली पुन्हा कसोटीची वेळ आली. अनेक पल्सारांत एकाच धाटणीची संथ शिल्लक दिसली. पण जोड्यांमध्ये वक्र उमटत नव्हता. गटानं तसंच लिहिलं: समान काहीतरी आहे, गुरुत्वीय लहर आहे असं म्हणता येत नाही. आणखी अडीच वर्षं थांबले. त्याच वर्षी १ डिसेंबरला आरेसिबोची दुर्बीण कोसळली होती, तिच्यातल्या जुन्या नोंदी तेवढ्या हाताशी उरल्या. हे थांबणं मला त्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

२०२३ मध्ये वक्र दिसला. मग पुढचा प्रश्न: हा योगायोग नसेल कशावरून? त्यासाठी जी तपासणी केली ती शाळेतल्या मुलालाही पटेल. नोंदी तशाच ठेवायच्या, पण संगणकात पल्सारांच्या आकाशातल्या जागा खोट्याच अदलाबदल करायच्या. याची जागा त्याला, त्याची तिसऱ्याला. मग पुन्हा वक्र शोधायचा. असं हजारो वेळा. लहर खरी असेल, तर खऱ्या जागांवर तो वक्र उठून दिसेल आणि खोट्या जागांवर क्वचितच तेवढा जमेल. नॅनोग्रॅव्हच्या निरनिराळ्या कसोट्यांत अशा योगायोगाची शक्यता हजारात एक ते दहा-वीस हजारांत एक एवढी निघाली. चीनच्या गटाकडे फास्ट ही प्रचंड दुर्बीण असल्यानं ५७ पल्सारांच्या साडेतीन वर्षांपेक्षाही कमी नोंदींत त्यांना ठळक संकेत मिळाला. ऑस्ट्रेलियाचा संकेत सगळ्यांत फिका. युरोप-भारताच्या निकालात तर एक विलक्षण गोष्ट आहे: सगळ्या २४.७ वर्षांच्या नोंदी घेतल्या तर पुरावा कमजोर, आणि आधुनिक यंत्रणेवरच्या शेवटच्या १०.३ वर्षांच्याच घेतल्या तर योगायोगाची शक्यता हजारात एक. जुन्या यंत्रणेत वारंवारतेचा पट्टा अरुंद होता, त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा विलंब नीट वेगळा काढता येत नव्हता. खोडदच्या खालच्या पट्ट्याचं महत्त्व इथे समजतं.

भौतिकशास्त्रात ‘शोध लागला’ म्हणायला योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक असावी, असा दंडक आहे. तिथवर अजून कुणी पोहोचलेलं नाही. म्हणून ‘शोध लागला’ असं कुठल्याच गटानं म्हटलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीच्या गटानं ८३ पल्सारांच्या साडेचार वर्षांच्या नोंदींत तसाच संकेत दाखवला.

ही थरथर येते कुठून? सर्वांत सरळ उत्तर, दीर्घिकांच्या मीलनातून. दोन दीर्घिका एकत्र आल्या, की त्यांची कृष्णविवरं मध्याकडे बुडत जातात आणि एकमेकांभोवती फिरू लागतात. अशा असंख्य जोड्या, वेगवेगळ्या अंतरांवर. लांबून जत्रेचा गलबला कानावर यावा आणि कुणाचा एकाचा आवाज वेगळा काढता येऊ नये, तसं त्यांचं मिश्रण आपल्यापर्यंत येतं. यात एक जुनं कोडं होतं. ताऱ्यांना भिरकावत भिरकावत ही कृष्णविवरं जवळ येतात, पण तीनेक प्रकाशवर्षांवर आल्यावर भिरकवायला तारेच उरत नाहीत. मग ती तिथेच अडकून राहणार की काय, अशी शंका अभ्यासकांना होती. थरथर खरोखर त्यांचीच असेल, तर ती अडकत नाहीत एवढं नक्की झालं. दुसऱ्याही शक्यता आहेत, विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या उलथापालथीच्या. आजच्या नोंदींवरून त्या बाद करता येत नाहीत.

महाराष्ट्रात दुसरा एक कान तयार होतोय, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं लायगो-इंडियासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे सेकंदाच्या अंशात संपणाऱ्या लहरी पकडल्या जातील आणि खोडदला दशकभर चालणाऱ्या.

गलबल्यातून एक आवाज वेगळा काढणं ही आता या गटांची पुढची धडपड आहे. एखादी जोडी इतकी जड आणि जवळ असेल, की तिच्या दिशेकडच्या पल्सारांत तिची स्वतंत्र लाट दिसेल. ती सापडली तर नेहमीच्या दुर्बिणी त्या जागेकडे वळवून ती दीर्घिका डोळ्यांनी पाहता येईल. त्यासाठी आणखी पल्सार हवेत, आणखी वर्षं हवीत, आणि दर काही आठवड्यांनी जुन्नर तालुक्यातल्या तबकड्यांनी त्याच त्या पल्सारांकडे वळून आणखी एक ठोका वहीत मांडायला हवा.